जोडून सुट्टी, गणपती आणि पोलिसांचा प्रश्न: झोप किती झाली?

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

यंदा गणपती सोमवारी. म्हणजे शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस आणि शुक्रवारची रजा टाकली की चार. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या शुक्रवारी रात्रीच निघणार. कुणी चिपळूण, कुणी कणकवली, कुणी थेट कुडाळ.

कोकणात जाणाऱ्यांना दरवर्षी टोलमाफीचा पास मिळतो, तो आणायला पोलीस ठाण्यात गेलो होतो. पास मिळाला, सोबत सूचनांचा एक कागद मिळाला आणि टेबलावरच्या हवालदार ताईंनी विचारलं, "निघणार कधी?" म्हटलं, रात्री अकराला. "दिवसभर ऑफिस करून?" हो. "दुसरं कुणी चालवणारं आहे का सोबत?" नाही. मग त्या म्हणाल्या, "दादा, मग पहाटे निघा की. गणपती सोमवारी बसतायत, पळून नाही जाणार."

मी पीयूसी आणि विम्याचे कागद हातात काढून उभा होतो. ते त्यांनी बघितलेही नाहीत.

घरी येऊन कागद नीट वाचला. अर्ध्या गोष्टी कायद्यातल्या: सीटबेल्ट, हेल्मेट, मोबाईल, दारू, वेग. उरलेल्या अर्ध्यांची पावती सहसा कुणी फाडत नाही. सहा तास झोप घ्या, दर दोन तासांनी थांबा, टपावर सामान बांधू नका, घाटात दरीच्या कडेला फोटोसाठी थांबू नका, मागच्याला घाई असेल तर जाऊ द्या. यासाठी ना कॅमेरा असतो ना कुणी कलम शोधत बसतं. पोलिसांच्या हातात फक्त सांगणं उरतं.

माझं मत असं की माणसं या दुसऱ्या अर्ध्यामुळेही मरतात. आणि पोलिसांनी पावतीपुस्तक बाजूला ठेवून असं बोलण्यात वेळ घालवला तर तो वाया जात नाही. तुम्हाला काय वाटतं? रात्रीच्या प्रवासात तुम्ही काय पाळता तेही सांगा.

पेठेतला

आपण पुणेकर. आपल्याला कुणी चांगलं सांगितलं की आधी राग येतो. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा स्वतःच्या डोक्याच्या रक्षणाविरुद्ध आंदोलन करणारं शहर आहे हे. त्या हवालदार ताईंना माझा नमस्कार सांगा.

बाकी धागा उत्तम. वाचतोय.

तिसरा_गिअर

छान छान. पण ही गोड वाणी टेबलावरच. रस्त्यावर काय दिसतं? वळणामागे झाडाआड उभं राहायचं आणि मोबाईलवर नंबरप्लेटचा फोटो काढायचा. दोन महिन्यांनी ई-चलनाचा मेसेज येतो, तेव्हा ती चूक कुठली हेही आठवत नाही. यात प्रबोधन कुठे आलं?

आणि खड्डे? मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता कमवायला लागलं असेल. रस्ता नीट द्या, मग झोपेचं विचारा.

सिंहगडरोडकर

खड्ड्यांबद्दल वाद नाही. पण रस्ता ज्यांनी करायचा ते वेगळे आणि पोलीस ठाण्यात पास देणाऱ्या ताई वेगळ्या. रस्ता वाईट आहे म्हणून मी पेंगत चालवू का?

मामांचा_पुतण्या

माझे काका वाहतूक शाखेतून निवृत्त झाले, त्यामुळे घरात या गप्पा लहानपणापासून ऐकतोय. ते म्हणायचे, दंड घेतलेला माणूस पुढच्या चौकापर्यंत शिस्तीत जातो. बोललेला माणूस कधी कधी घरापर्यंत जातो. पण बोलायला वेळ लागतो. चौकात दोन माणसं आणि समोर हजार गाड्या, बोलणार कुणाशी?

म्हणून सुट्टीच्या आधी टोलनाक्यावर किंवा पास देताना गाठणं त्यांना बरं वाटायचं. तिथे गाडी थांबलेलीच असते. चालत्या गाडीला हात केला की माणूस आधी खिशाचा विचार करतो, मग ऐकत काहीच नाही.

झाडाआडचा मुद्दा मान्य. काका स्वतः त्याच्या विरुद्ध होते. त्यांचं म्हणणं, पोलीस दिसला पाहिजे, तो दिसल्यानेच निम्मं काम होतं.

रातपाळी

मी एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते. नाव-गाव विचारू नका. सुट्टीच्या आदल्या रात्री आम्ही जादा माणूस मागून घेतो, यातच काय ते समजा.

झोपेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोकांना वाटतं की झोप म्हणजे डोळे मिटून मान पडणं. तसं नसतं. मेंदू तीन-चार सेकंदांसाठी बंद पडतो, कधी कधी डोळे उघडे असतानाच. माणसाला नंतर विचारलं तर तो शपथेवर सांगतो की मी जागा होतो. ताशी ८० किमी वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं.

शरीराचं घड्याळ रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान सगळ्यात खाली असतं. दुपारी जेवणानंतरही एक छोटी उतरण असते. आता सिंहगडरोडकर यांचा बेत बघा. अकराला पुण्याहून निघायचं, गर्दीतून खंबाटकी चढायचा, सातारा, उंब्रजला वळून पाटण, आणि कुंभार्ली घाट येतो तेव्हा घड्याळात तीन-साडेतीन. वर पाऊस आणि धुकं. सगळ्यात अवघड रस्ता आणि मेंदूची सगळ्यात वाईट वेळ बरोबर एकत्र गाठलीत की हो तुम्ही!

काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने पाच-दहा मिनिटं तरतरी येते, झोप जात नाही. उपाय झोपच. सुरक्षित जागी, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या अंगणात गाडी लावा, एक कप कॉफी किंवा कडक चहा घ्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. कॅफिन अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. महामार्गाच्या कडेला मात्र थांबू नका. मागून येणाऱ्या पेंगलेल्या ट्रकवाल्याला तुमचे मागचे दिवे दिसले तर तो त्यांच्याच मागे येतो.

अजून एक. एसी सतत आतल्या आत हवा फिरवणाऱ्या बटणावर ठेवू नका. पाच माणसं बसलेल्या बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुंगी येते. मधूनमधून बाहेरची हवा घ्या.

गुहागरची_सून

@रातपाळी, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. "मला नाही झोप येत" असं म्हणाला आणि टीव्हीसमोर घोरायला लागला.

डिझेलवाला

आमचा मालवाहतुकीचा धंदा. ट्रकवाल्यांना शिव्या पडण्याआधी आमची बाजू लिहितो. पण बाजू म्हणजे बचाव नव्हे.

नवले पुलाचं सगळ्यांना माहीत आहे. कात्रजचा नवा बोगदा संपला की नऱ्ह्यापर्यंत लांबलचक उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला रविवारी रात्री तिथे एका अवजड गाडीने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा त्याच पट्ट्यात अपघात, आग आणि आठ माणसं गेली. दरवेळी बातमी येते, ब्रेक फेल. पण ब्रेक आपोआप फेल होत नाहीत.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची ही जुनी खोड. न्यूट्रल केलं की इंजिनाची पकड सुटते आणि पंचवीस-तीस टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर. सतत पाय दाबून ड्रम तापतात, लायनर जळतात. मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही, आणि वारंवार दाबल्याने हवेचा दाबही उतरतो. त्या क्षणी परत गिअर टाकायला गेलात तर पडत नाही, कारण वेग हाताबाहेर गेलेला असतो.

गंमत अशी की नव्या गाड्यांत यातून डिझेल वाचतच नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. हे मी माझ्या ड्रायव्हरांना गाडीचा मीटर दाखवून पटवलं. तोंडी सांगून वर्षभर कुणी ऐकलं नव्हतं, मीटर बघून एका दिवसात ऐकलं.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कारवाल्यांनाही हेच. सुट्टीत नवशिके लोक घाट उतरताना पूर्ण वेळ ब्रेकचा लाल दिवा लावून असतात, खाली आले की चाकांतून जळका वास. ऑटोमॅटिक गाडी असेल तर त्यातही खालच्या गिअरचा पर्याय असतो, पुस्तकात बघा.

पोलीस बोगद्याच्या तोंडाशी थांबून ट्रकवाल्यांना हेच सांगत असतील तर मी म्हणेन, मराठीसोबत हिंदी-कन्नडमध्येही सांगा. त्या उतारावर बाहेरच्या राज्यातल्या गाड्या कमी नाहीत.

तिसरा_गिअर

डिझेलवाला, ही माहिती खरंच नवीन. डिझेल वाचत नाही हे माहीत नव्हतं. पण मग उताराचं डिझाईनच चुकलंय त्याचं काय, हा माझा प्रश्न कायम.

डिझेलवाला

कायम राहू द्या, तुमचाही बरोबर आहे. उतार सरळ होईपर्यंत गिअर टाकून उतरतो एवढंच म्हणतोय.

हवा_चेक

कोकणात जाणाऱ्यांसाठी टायरचं. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदूळ, नारळ, मखर, मोदकाचं सामान आणि हवा मात्र रोजच्या ऑफिसची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. तेवढी भरा, आणि टायर थंड असताना भरा. "सिमेंटच्या रस्त्यावर हवा कमी ठेवायची" हा सल्ला पंक्चरवाल्यापासून भावजींपर्यंत सगळे देतात. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, तापतात आणि फुटतात.

टायरवर चार आकडे असतात. समजा २३२१, तर तो २०२१ सालातल्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसते म्हणून आठ-दहा वर्षं जुनं रबर घेऊन घाटात जाऊ नका. स्टेपनीचेही आकडे बघा, तिच्याकडे कुणी बघत नाही.

पेठेतला

अवांतर: मखर टपावर बांधून नेणाऱ्यांचं एक वेगळं संमेलन भरवायला हवं. मागच्या वर्षी खेड-शिवापूरजवळ थर्माकोलचं अख्खं सिंहासन रस्त्यावर उडत होतं आणि आम्ही सगळे त्याला चुकवत होतो.

बुलेटबाबा

ताम्हिणी घाटाने कोण जातंय? आम्ही पाच जण बाईकवर, माणगावला उतरून पुढे. कागदावर ताम्हिणीबद्दल काही होतं का?

सिंहगडरोडकर

ताम्हिणीचं नाव नव्हतं. घाटात ओव्हरटेक नको आणि धुक्यात हाय बीम नको एवढंच.

घाटवाट

बुलेटबाबा, ताम्हिणी दिवसाउजेडी पार करा. दुसरं काहीही ऐकू नका, एवढं ऐका. रस्ता अरुंद, रात्री मुळशी सोडलं की मोबाईलला रेंज येते-जाते, मदतीला कुणी नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याची सहा तरुण पोरं गाडीसकट तिथे दरीत गेली. घरच्यांना दिवस-दिवस पत्ता नव्हता, शेवटी ड्रोनने गाडी सापडली. कठडा तुटलेला कुणाला दिसला नाही, आवाज कुणी ऐकला नाही. म्हणून रात्री जाऊ नका, आणि कुठल्या वाटेने, किती वाजता पोचणार हे घरी सांगून निघा.

धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरा पडदा तयार होतो. लो बीम आणि फॉग लॅम्प. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. वरंधा घाटाचा विचार असेल तर आधी चौकशी करा, पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद ठेवतात.

आणि पाच बाईक असतील तर एका रांगेत, अंतर ठेवून. शेवटच्याने पहिल्याला गाठायच्या नादात वळणावर ओव्हरटेक करू नये, म्हणून सगळ्यात नवखा पुढून दुसरा ठेवा. वेग त्याचा.

बुलेटबाबा

दुसरा नंबर नवख्याचा, हे आवडलं. निघायची वेळ पहाटे सहा केली.

गुहागरची_सून

गावी पोचल्यावरचंही लिहा कुणीतरी. आमच्याकडे आरती झाली की सोळा-सतरा वर्षांची सगळी भावंडं स्कूटर घेऊन पसार. तिघं-तिघं बसून. वडीलधारे म्हणतात, गावातच तर फिरतायत.

मामांचा_पुतण्या

वहिनी, त्या वडीलधाऱ्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ दाखवा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. गावातला रस्ताही कायद्यात सार्वजनिक रस्ताच. २०१९ च्या दुरुस्तीपासून हे आहे. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला ते सगळ्यांनी पाहिलंच, तेव्हा या कलमाचं नाव घरोघरी पोचलं असं मला वाटलं होतं.

दारूचंही लिहून टाकतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर कलम १८५, पहिल्या वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लोक फसतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री दोनपर्यंत बसले, सहाला उठून अंघोळ करून गाडीत. अंघोळीने अल्कोहोल उतरत नाही. यकृत आपल्या चालीनेच काम करतं, साधारण तासाला एक पेग. सहा-सात पेग झाले असतील तर सकाळी नळीत फुंकल्यावर आकडा येणारच.

काका म्हणायचे की सकाळच्या नाकाबंदीत सापडलेला माणूस खरोखर चकित झालेला असतो, तो खोटं बोलत नसतो.

तिसरा_गिअर

मागच्या सीटवरचा बेल्ट कुणी लावतं का पण? खरं सांगा.

रातपाळी

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. महागडी गाडी, दुपारची वेळ. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. त्यानंतर महिनाभर आमच्या ओळखीतले सगळे मागेही बेल्ट लावत होते. महिनाभर.

मागचा माणूस बेल्टशिवाय असेल तर तो पुढच्यावर जाऊन आदळतो. म्हणजे आजींनी बेल्ट लावला नाही तर धोका आजींना आहेच, शिवाय पुढे बसलेल्या नातवालाही. आजींना असं सांगा, लावतील. "तुमच्यासाठी लावा" म्हटलं तर "मेलं माझं काय आता" असं उत्तर येतं.

आणि लहान मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. एअरबॅग उघडली तर ती आधी मुलावर येते.

घाटवाट

अपघात दिसला तर थांबायचं का, यावर दरवेळी वाद होतो म्हणून लिहितो. थांबा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही तेही त्याच्या मर्जीवर. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ यासाठीच आलं. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचारांची योजनाही आहे, अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत. "पैसे कोण भरणार" म्हणून जखमीला रस्त्यावर ठेवायचं कारण उरलेलं नाही.

पेठेतला

खाजगी बसने जाणाऱ्यांचं काय? आम्ही तर मागे झोपलेले असतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर जळाली ती बस नागपूरहून पुण्यालाच येत होती. पंचवीस माणसं. झोपेतच.

डिझेलवाला

बसमध्ये चढल्यावर दोन गोष्टी करा. संकटकाळी बाहेर पडायचं दार आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे ते बघा, आणि दारासमोर सामान रचलेलं असेल तर तिथल्या तिथे बोला. दुसरं, लांबच्या प्रवासाला दुसरा ड्रायव्हर आहे का ते तिकीट काढतानाच विचारा. विचारणारे वाढले की मालक ठेवतात. सुट्टीत एकच ड्रायव्हर रात्री जातो आणि दुसऱ्या रात्री परत येतो, हे प्रकार होतात. धंद्यातला आहे म्हणून सांगतो.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. घरात फेरमतदान झालं. शनिवारी पहाटे पाचला निघतोय, म्हणजे कुंभार्लीत उजेडी दहाच्या आसपास. शुक्रवारी रात्री दहाला दिवे बंद. आईने विरोध केला, "दुपारचं जेवण चुकेल" म्हणून. काकूला फोन करून जेवणाची वेळ अडीच करून घेतली आणि प्रश्न मिटला.

तिसरा_गिअर

आणि शनिवारी पहाटे सगळे पुणेकर हाच धागा वाचून पाचला निघाले तर?

सिंहगडरोडकर

तर खंबाटकीत भेटू. चहा माझ्याकडून.

कोथरूडची_आत्या

उशिरा वाचला धागा. एक व्यावहारिक शंका: तो टोलमाफीचा पास येतानाही चालतो का? की परतीचा वेगळा काढायचा?

सिंहगडरोडकर

तोच चालतो, परतीलाही. गाडीचा नंबर आणि तारखा बरोबर लिहिल्यात ना ते टेबलावरच तपासून घ्या. माझ्या पुढच्या काकांच्या पासावर शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, रांग पुन्हा लावली बिचाऱ्यांनी.

कोथरूडची_आत्या

धन्यवाद. आमचा दीड दिवसाचा, मंगळवारी विसर्जन झालं की संध्याकाळी निघणार होतो. पण बुधवारी सकाळी निघू म्हणते. भाच्याला ऑफिसात एक दिवस जास्त मागायला सांगितलंय, अजून हो म्हणाला नाही.